उडी मारायची की रेस करायची? हार्डटेलची फ्रेम घेण्याआधी

"एकच फ्रेम घेणार हाय. उड्या बी मारायच्या आणि रेस बी करायची. कुठली घेऊ?" बेळगावात कॅम्पात, टिळकवाडीत किंवा शहापुरात सायकलवाल्या पोरांच्या घोळक्यात थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न कानावर येतोच. विचारणारा बहुतेक वेळा शाळा-कॉलेजातला असतो. घरातून पैसे एकदाच मिळणार असतात, आणि मोबाइलवर बघून बघून त्यानं एखादी हलकी, चकचकीत फ्रेम मनात पक्की केलेली असते. त्याच्यासाठी, आणि पैसे देणाऱ्या त्याच्या घरच्यांसाठीही, हे जरा सविस्तर लिहितो आहे.

हार्डटेल म्हणजे पुढं सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्क्यानं दबणारा चिमटा) आणि मागं काहीच नाही, अशी माउंटन बाइक. मागचं चाक थेट फ्रेमला जोडलेलं. त्यामुळं ती हलकी पडते, स्वस्त पडते, बिघडायला भाग कमी आणि पॅडलचा जोर वाया जात नाही. पण मागचा सगळा धक्का फ्रेम आणि तुमचे पाय यांनाच खावा लागतो. म्हणून हार्डटेलमध्ये फ्रेमची निवड चुकली तर बाकी कितीही भारी सामान लावा, सायकल मनासारखी होत नाही.

अडचण अशी आहे की उडी आणि शर्यत या दोन कामांना फ्रेमकडून उलट गोष्टी हव्या असतात. शर्यतीला लांब, हलकी, चढावर सरळ रेषेत जाणारी फ्रेम लागते. उडीला आखूड, बुटकी, जाड नळ्यांची, हवेत चटकन वळणारी. दोन्ही कामं पूर्ण ताकदीनं करणारी फ्रेम कुठल्याच कंपनीकडं नाही. मधली चांगली फ्रेम मात्र मिळते. ती ओळखायची तर आधी दोन्ही टोकं नीट बघावी लागतात.

उतरताना फ्रेमवर काय येतं

एक मीटर उंचीवरून खाली आलात तर जमिनीला लागताना तुमचा खाली येण्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर आणायला किती अंतर मिळतं, त्यावर धक्का ठरतो. फोर्क दबला, गुडघे-कोपर वाकले आणि एकूण २५ सेंटीमीटरमध्ये तुम्ही थांबलात, तर सरासरी जोर तुमच्या आणि सायकलच्या वजनाच्या पाचपट येतो. पाय ताठ ठेवून १० सेंटीमीटरमध्येच थांबलात तर अकरापट. ७० किलोचा पोरगा आणि १३ किलोची सायकल धरली, तर दुसऱ्या प्रकारात ९०० किलोच्या वर भार झाला, आणि हा नुसता सरासरीचा हिशोब. क्षणभराचा सर्वांत मोठा झटका याहूनही जास्त असतो.

पण हाच पोरगा उताराच्या लँडिंगवर उतरला तर गणित पार बदलतं. चाक ज्या दिशेनं खाली येतं त्याच दिशेला जमीनही उतरत असली की वेगाचा फक्त थोडा भाग जमिनीत घुसतो, बाकीचा पुढं पळतो. म्हणून नीट बांधलेल्या जंपवर पाच मीटर लांब उडी मारणारी फ्रेम वर्षानुवर्षं टिकते, आणि चिऱ्याच्या जुन्या खाणीच्या काठावरून सपाट जांभ्यावर मारलेली एक मीटरची उडी फ्रेमचं आयुष्य खाऊन टाकते. बेळगावच्या पश्चिमेकडं अशा खाणी आणि कट्टे बरेच आहेत आणि पोरांना ते आयते जंप वाटतात. फ्रेम कुठलीही घ्या, या सपाट उतरण्यांपासून लांब राहा. माती ओढून उताराची लँडिंग करा आणि मगच वरून या. जमीन कुणाच्या मालकीची असेल तर त्याला विचारून करा. खानापूर-जांबोटीकडच्या जंगलात, विशेषतः भीमगड अभयारण्याच्या बाजूला, विनापरवाना शिरणं किंवा खणणं हा गुन्हा आहे, तिकडं हे काही करायला जाऊ नका.

आता हा भार फ्रेममध्ये जातो कुठं? पुढचं चाक आदळलं की फोर्क हेड ट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या टोकाच्या ज्या आखूड नळीत तो बसतो तिला, जोरानं पिळतो. जमिनीत रुतलेला दगड उपटायला पहार लावतात, तशीच ही लांब काठी आहे, आणि तिचं तोंड हेड ट्यूबमध्ये अडकलेलं आहे. फोर्क जितका लांब तितका हा पिळा जास्त. म्हणून फ्रेम जिथं सर्वांत जास्त सोसते ती जागा म्हणजे हेड ट्यूबच्या मागं, खालच्या नळीची पोटाकडची बाजू, वेल्डिंगच्या रेषेलगत. उडीच्या फ्रेममध्ये इथं एक पत्र्याचा जोड लावलेला दिसेल, त्याला गसेट म्हणतात. किंवा नळीच तिथं रुंद आणि जाड केलेली असते. मागच्या बाजूला भार पॅडलवरून बीबीत, म्हणजे पॅडलचे दांडे ज्यात फिरतात त्या भागात, आणि तिथून चेनस्टेमध्ये, म्हणजे मागच्या चाकाकडं जाणाऱ्या खालच्या नळ्यांत, उतरतो, कारण उतरताना तुम्ही उभे असता, सीटवर बसलेले नसता.

शर्यतीला काय लागतं

क्रॉस कंट्री शर्यत १९९६ पासून, अटलांटाच्या खेळांपासून, ऑलिंपिकमध्ये आहे. मोठ्या स्पर्धांत ती साधारण दीड तास चालते, चार-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांवर, आणि त्यातला बराच वेळ चढावर जातो. उतार हल्ली अवघड झाले आहेत, दगडांचे पट्टे आणि छोटे ड्रॉप, म्हणजे एकदम खाली उतरायच्या पायऱ्या, असतात, म्हणून वरच्या पातळीवरचे बरेच जण आता मागं सस्पेन्शन असलेली सायकल चालवतात. पण आपल्याकडच्या लाल मुरमाच्या, लांब चढाच्या रस्त्यांवर हार्डटेल अजूनही पूर्ण उपयोगाची आहे.

शर्यतीच्या फ्रेमला २९ इंची चाक, १०० ते १२० मिलिमीटर दबणारा फोर्क, दोन बाटल्यांची जागा आणि कमी वजन हवं. चांगली कार्बन फ्रेम एक किलोच्या आसपास येते, अ‍ॅल्युमिनियमची दीड ते दोन किलो. वजनाचं महत्त्व मात्र थोडं आकड्यात बघा, कारण इथंच पोरं जास्त फसतात. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरा. फ्रेम एक किलोनं जड झाली तर खड्या चढावर वेळ साधारण सव्वा टक्क्यानं वाढतो, म्हणजे २० मिनिटांच्या चढावर पंधरा-सोळा सेकंद. राष्ट्रीय स्पर्धेत हे पंधरा सेकंद मोठे आहेत. राजहंसगडाच्या चढावर मित्रांशी लावलेल्या शर्यतीत एक पंक्चर त्याच्या कितीतरी पट वेळ खातो. पहिल्या फ्रेमसाठी वजन हा शेवटचा प्रश्न असावा असं माझं ठाम मत आहे.

उड्या आणि शर्यत खरोखर एकत्र येतात असे प्रकारही आहेत. पंप ट्रॅकवर पॅडल न मारता, अंग दाबून-उचलून उंचवट्यांवरून वेग घ्यायचा असतो, आणि तिथं उडीचीच हार्डटेल चालते. फोर-क्रॉसमध्ये चौघं एकदम गेटमधून सुटून जंप आणि वळणांच्या उताराच्या ट्रॅकवर पळतात. २००२ ते २०११ पर्यंत हा प्रकार माउंटन बाइकच्या वर्ल्ड कपात होता. त्या काळात फोर-क्रॉससाठी ज्या हार्डटेल बनल्या त्या उडी आणि वेग यांच्या बरोबर मधोमध बसत. आजही मधली फ्रेम शोधताना मला त्यांचीच आठवण येते: आखूड मागचा भाग, १०० मिलिमीटरचा कडक फोर्क, पण गिअर लावायची सोय.

कोन आणि लांबी

दुकानात फ्रेमचा साइज सांगतात तो एस, एम, एल असा किंवा इंचात. तो सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटचा दांडा ज्यात बसतो त्या नळीच्या, लांबीवरून आलेला असतो आणि उडीसाठी त्याचा काही उपयोग नाही. बघायचं ते रीच: बीबीच्या मधोमध उभी रेष धरली तर तिथून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. उभं राहून चालवताना हात किती पुढं जातील ते हा आकडा सांगतो. साडेपाच फुटांच्या जरा वर उंची असेल तर क्रॉस कंट्री किंवा ट्रेलच्या (डोंगरवाटेच्या) फ्रेमला साधारण ४३० ते ४५० मिलिमीटर रीच सोयीची पडते, उडीच्या फ्रेमला त्याहून थोडी कमी. दोन साइजच्या मधोमध आलात तर उडीसाठी लहान आणि शर्यतीसाठी मोठी घ्या.

चेनस्टे म्हणजे बीबीपासून मागच्या चाकाच्या एक्सलपर्यंतची लांबी. डर्ट जंपच्या, म्हणजे मातीच्या जंपवर उड्या मारायच्या, फ्रेममध्ये ती ३८० ते ४०० मिलिमीटरच्या आसपास असते, कारण चाक २६ इंची असतं आणि मागचं चाक जितकं अंगाखाली तितकं पुढचं चाक उचलणं सोपं. शर्यतीच्या फ्रेममध्ये ४२५ ते ४३५. हे ३०-४० मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण आखूड फ्रेम घेऊन खड्या चढावर बसून पॅडल मारा, पुढचं चाक सारखं उचलतं आणि तुम्हाला हँडलवर ओणवं होऊन चढावं लागतं. लांब फ्रेमवर बनी हॉप, म्हणजे दोन्ही चाकं उचलून मारायची उडी, शिकायला बसा, तेव्हा उलट बाजूनं हाच फरक कळतो.

हेड अँगल, म्हणजे फोर्कचा जमिनीशी कोन. कमी अंश म्हणजे चाक पुढं सरकलेलं, उतारावर स्थिर. जास्त अंश म्हणजे चटकन वळणारी सायकल. आताच्या क्रॉस कंट्री हार्डटेल ६७ ते ६८ अंशांच्या आसपास असतात, डर्ट जंपच्या ६८-६९, आणि उतारासाठीच्या ट्रेल हार्डटेल ६५-६६ किंवा त्याहूनही कमी. इथं हार्डटेलची एक खोड लक्षात ठेवा. तुम्ही सायकलवर बसलात की फक्त पुढचा भाग दबतो, मागचा दबत नाही. १२० मिलिमीटरचा फोर्क अंगाच्या वजनानं २० टक्के बसला तर पुढचा भाग जवळपास अडीच सेंटीमीटर खाली येतो आणि कोन सुमारे एक अंशानं उभा होतो. कागदावरचा ६७ चालवताना ६८ होतो. उतारावर ब्रेक लावला की आणखी. त्यामुळं मागंही सस्पेन्शन असलेल्या सायकलीच्या कोनाशी हार्डटेलच्या कोनाची नुसती आकड्यांवरून तुलना करू नका.

याच हिशोबातून पोरांच्या आणखी एका उद्योगाचं उत्तर मिळतं. शंभरच्या फोर्कसाठी बनलेल्या फ्रेमला १४० चा फोर्क लावतात. दर २० मिलिमीटरला कोन साधारण एक अंशानं पडतो, बीबी वर जातो, सीट मागं झुकते. हे सगळं सोसता येईल, पण हेड ट्यूबवरचा पिळाही वाढतो आणि फ्रेम त्या पिळ्यासाठी तपासलेलीच नसते. कंपनी फोर्कची जी कमाल लांबी देते ती पाळा. ती ओलांडली की वॉरंटीही गेली.

आधी हा आकडा वाचा

फ्रेमवर किंवा तिच्या पुस्तिकेत एक ते पाचपैकी एक वर्ग दिलेला असतो. बरीच पोरं हे पानच उघडत नाहीत. हे वर्ग एएसटीएम या अमेरिकी संस्थेच्या एफ २०४३ या मानकातून आले आहेत. वर्ग १ म्हणजे डांबरी रस्ता. वर्ग २ म्हणजे कच्चा रस्ता आणि १५ सेंटीमीटरपर्यंतचे ड्रॉप. वर्ग ३ म्हणजे क्रॉस कंट्री, ६१ सेंटीमीटरपर्यंत. वर्ग ४ म्हणजे खडबडीत उतार, ताशी ४० किलोमीटरपर्यंत वेग आणि १२२ सेंटीमीटरपर्यंतचे ड्रॉप. वर्ग ५ म्हणजे मोठ्या उड्या आणि डाउनहिल. काही कंपन्या आकडे थोडे वेगळे लावतात, म्हणून आकड्यापुढचं वाक्य वाचल्याशिवाय पुस्तिका मिटू नका.

शर्यतीच्या झकास हलक्या फ्रेम बहुतेक सगळ्या वर्ग ३ मध्ये येतात. त्या कमजोर नसतात. त्या कामाला नेमक्या पुरतील एवढंच साहित्य त्यांत घातलेलं असतं. त्यांच्यावर अधूनमधून छोटी उडी मारली म्हणून लगेच काही मोडत नाही, पण आठवड्यातून चार दिवस त्याच फ्रेमवर जंप मारले की वर्षभरात हेड ट्यूबपाशी काय होईल ते सांगता येत नाही. उड्या हा तुमचा नियमित खेळ असेल तर किमान वर्ग ४. नुसत्या उड्या आणि पंप ट्रॅक असेल तर ५.

हल्ली सायकलींवर आयएसओ ४२१० असंही लिहिलेलं दिसतं. हे सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात माउंटन बाइकच्या फ्रेमला पॅडलवर १,२०० न्यूटनचा, म्हणजे साधारण १२२ किलोचा, जोर एक लाख वेळा देऊन बघतात, शिवाय पुढून मागं रेटणं, वरून भार टाकणं अशा वेगळ्या चाचण्या असतात. ही किमान पात्रता झाली. मोठ्या उड्या झेपतील असा त्याचा अर्थ होत नाही. पण ज्या फ्रेमवर हेही नाही, वर्गही नाही, आणि ऑनलाइन नुसतं "कार्बन, ९५० ग्रॅम" एवढंच लिहिलं आहे, ती उडीसाठी मी कुणालाच घेऊ देणार नाही. आणि पाच-दहा हजारांत मिळणारी, जाड नळ्यांची, नुसती दिसायला माउंटन बाइक असलेली सायकल? तिची पुस्तिका उघडा. उड्या मारू नका असं त्यात बहुधा स्वच्छ लिहिलेलं सापडेल.

कशाची फ्रेम

या बाबतीत बेळगावचा माणूस नशीबवान आहे. उद्यमबागेत फौंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, हीट ट्रीटमेंटवाले आहेत. घरात किंवा गल्लीत कुणीतरी तिथं कामाला असतोच, आणि धातू तापवला की त्याचं काय होतं हे त्याला पुस्तकाबाहेरून ठाऊक असतं. त्याला विचारा, पुढचं सगळं तो जास्त चांगलं समजावील.

अ‍ॅल्युमिनियमच्या बहुतेक फ्रेम ६०६१ किंवा ७००५ या मिश्रधातूच्या असतात. ६०६१ पुढं टी ६ लिहिलेलं असतं, ते त्याच्या हीट ट्रीटमेंटचं नाव. वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात, मग पावणेदोनशे अंशांच्या आसपास कित्येक तास भट्टीत ठेवतात, तेव्हा तिला पूर्ण ताकद येते. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाजवळची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि या दोन्ही भट्ट्या मिळून ती परत आणतात. म्हणूनच तडा गेलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून जोडून घेऊ नका. त्याचा हात कितीही साफ असला, जोड कितीही सुबक दिसला, तरी आजूबाजूचा धातू मऊ झालेला असतो. पुढची चीर जोडात पडत नाही, त्याच्या शेजारी पडते. ७००५ ला ती पहिली मोठी भट्टी लागत नाही, हवेत थंड होऊन नंतर कमी तापमानाला ठेवलं तरी ती ताकद घेते, पण घरच्या वेल्डिंगचा धोका तिलाही आहेच.

अ‍ॅल्युमिनियमचा दुसरा स्वभाव म्हणजे थकवा. लहान भारही पुन्हा पुन्हा दिला तर तो कुठंतरी साठत जातो. खाली कितीही गेलात तरी "इतका भार कायमचा चालेल" अशी रेषा त्याला नाही. लोखंडी मिश्रधातूंना ती असते. म्हणून उडीच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेम जाड करून भार मुळातच कमी ठेवतात, आणि त्या चांगल्या टिकतात. फक्त जुनी, कुणाच्या उड्या किती झाल्या माहीत नसलेली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम घेताना हे डोक्यात असू द्या.

क्रोमोली म्हणजे ४१३० क्रमांकाचं स्टील: अंदाजे ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम. डर्ट जंपच्या जगात हे पहिल्यापासून लोकप्रिय आहे. स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, पण तेवढंच जास्त कडकही. त्यामुळं नळ्या बारीक ठेवता येतात आणि फ्रेम चालवताना जरा लवचीक, सुखाची वाटते. तुटण्याआधी वाकते, कुरकुरते, म्हणजे इशारा देते. आणि बारीक हाताचा टिग वेल्डर असेल तर दुरुस्तही होते. फ्रेमवर नुसतं "स्टील" किंवा "हाय-टेन" लिहिलेलं असेल तर ते क्रोमोली नव्हे हे मात्र ओळखा.

क्रोमोलीचा शत्रू गंज, आणि आपल्याकडं कणकुंबी-जांबोटीचा पाऊस. नवी फ्रेम हातात आली की सामान लावण्याआधी आतून तेल फिरवा. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मिळतं. नळ्यांत ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी कलती करायची, जास्तीचं ओघळू द्यायचं आणि दोन-तीन दिवस वाळू द्यायचं. आत चिवट थर बसतो. तेलानं भिजलेल्या चिंध्या मात्र गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवा. सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याला ग्रीस लावूनच आत घाला, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो फ्रेममध्ये असा चिकटतो की कापून काढावा लागतो.

कार्बन शर्यतीसाठी उत्तम आहे. उडीसाठी वाईटच असतो असं नाही, पण जांभ्याच्या धारदार दगडावर आपटल्यावर आतल्या थरांत काय झालं ते वरून दिसत नाही. बेळगावच्या आसपास ते तपासून देणारं कुणी शोधत बसण्यापेक्षा पहिल्या फ्रेमला धातूच बरा.

सामान बसेल का

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे इथंच वाया जातात. हेड ट्यूब टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत गेलेली, आहे का बघा. हल्लीचे जवळपास सगळे चांगले फोर्क खाली दीड इंची असतात आणि जुन्या सरळ हेड ट्यूबमध्ये ते जात नाहीत. मागचं एक्सल शर्यतीच्या आणि ट्रेलच्या नव्या फ्रेममध्ये १२ बाय १४८ मिलिमीटर, डर्ट जंपमध्ये बहुतेक १० बाय १३५. एकाचं चाक दुसऱ्यात बसत नाही. बीबी आट्यांचा घ्या. दाबून बसवायचे बीबी पावसाळी चिखलात करकरायला लागतात आणि ते काढायला वेगळी हत्यारं लागतात, आट्यांचा बीबी कुठलाही जाणता मेकॅनिक सोडवतो. डेरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला लटकतो तो तुकडा, युनिव्हर्सल असेल तर फार बरं. तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेमला एकच चालतो, त्यामुळं वाकला तरी सुटा भाग पुण्याहून किंवा बेंगळुरूहून सहज मागवता येतो.

मागच्या टायरभोवती किती मोकळी जागा आहे तेही बोट घालून बघा. बेळगाव-खानापूरच्या लाल मातीत थोड्या जागेत भागतं. पण बैलहोंगल, अथणी किंवा रामदुर्गाच्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर माती चाकाला अशी चिकटते की पाचशे मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. तिकडचे असाल तर आखूड चेनस्टे आणि जाड टायर यांची जोडी टाळा.

मग घ्यायची कुठली

उड्या ऐंशी टक्के आणि शर्यत म्हणजे पंप ट्रॅक, तर डर्ट जंपची २६ इंची क्रोमोली, आडव्या ड्रॉपआउटची. ड्रॉपआउट म्हणजे मागचं एक्सल ज्यात बसतं त्या खाचा; त्या आडव्या असल्या की चाक मागं-पुढं सरकवून चेन ताणता येते, गिअर लागत नाही. तिच्यावर जांबोटीला जायचं स्वप्न बघू नका, सीट वर घेतली तरी गुडघे छातीला लागतात.

शर्यत खरी आणि जिल्हा-राज्य पातळीची, उडी म्हणजे वाटेत आलेला उंचवटा, तर २९ इंची क्रॉस कंट्री, अ‍ॅल्युमिनियम, वर्ग ३. उरलेले पैसे चाकं, टायर आणि चांगल्या ब्रेकमध्ये घाला.

आणि खरोखर दोन्ही हवं असेल, सकाळी येळ्ळूरचा चढ आणि संध्याकाळी मातीचे जंप, तर वर्ग ४ ची ट्रेल हार्डटेल. १२० ते १३० मिलिमीटरचा फोर्क, हेड अँगल ६५ ते ६६.५, चेनस्टे ४२० ते ४३० आणि सीट ट्यूब आखूड, म्हणजे सीट पुरती खाली दाबता येईल. सरकते ड्रॉपआउट मिळाले तर सोन्याहून पिवळं: जंपच्या दिवसांत चाक पुढं घ्यायचं, शर्यतीच्या आठवड्यात मागं. वजन अ‍ॅल्युमिनियममध्ये दोन किलोच्या वर, क्रोमोलीत अडीचच्या वर जाईल. ते पंधरा-वीस सेकंद सोसा. पहिलीच फ्रेम घेणाऱ्या, अजून अंगानं वाढणाऱ्या पोराला मी हीच सांगतो, कारण त्याला उडी जास्त आवडेल की चढ, हे त्याचं त्यालाच अजून ठरवायचं आहे.

जुनी घेताना

बजेट बघता बरीच पोरं कोल्हापूर, गोवा किंवा हुबळीकडून सेकंडहँड फ्रेम आणतात. त्यात गैर काही नाही, फक्त दिवसाउजेडी बघा. फ्रेम उलटी करा आणि हेड ट्यूबच्या मागची खालची बाजू ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसा. लाल धूळ चिरेत बसून तिला झाकते. पुसल्यावर वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी रेघ उरली तर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चीर, नुसतं सरकलं तर बहुधा रंगाचा ओरखडा. त्याच जागी रंगाला बारीक सुरकुत्या असतील किंवा नळीवर बोट फिरवताना लाट लागली, तर फ्रेम समोरून कुठंतरी जोरात आपटली आहे. गसेट जिथं संपतो ते टोकही बघा, बऱ्याच चिरा तिथून सुरू होतात.

नंतर सीट ट्यूब आणि वरच्या नळीचा जोड. सीटपोस्ट फार वर काढून वापरली असेल तर इथं फाटतं. पोस्टचं खालचं टोक वरच्या नळीच्या जोडाच्या खाली गेलेलं असायला हवं, ही सवय स्वतःच्या फ्रेमलाही लावा. मग चेनस्टे बीबीपाशी, मग ड्रॉपआउट. चाक बसवून ते दोन्ही चेनस्टेच्या मधोमध आहे का बघा. नव्यानं रंगवलेली फ्रेम असेल तर रंग का दिला ते विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर उठून या.

स्वतःच्या फ्रेमचीही हीच तपासणी सायकल धुताना करत जा, आणि एखादं वाईट लँडिंग झालं तर त्याच दिवशी करा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला चीर सापडली तर तिचं काम संपलं. फोर्क, चाकं, ब्रेक काढून घ्या आणि फ्रेम स्वस्तात का होईना दुसऱ्या पोराला विकू नका. उद्यमबागेत कुणाकडूनही हेड ट्यूबपाशी आडवी कापून घ्या आणि मग भंगारात घाला, म्हणजे तिला रंग मारून परत कुणी विकणार नाही.